क्रँक सेन्सर: अंगणात की गॅरेजमध्ये?

क्रँकशाफ्ट कोणत्या क्षणी नेमका कोणत्या कोनात आहे, हे इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे नियंत्रक संगणकाला, कळवणारा भाग म्हणजे क्रँक पोझिशन सेन्सर. गॅरेजच्या बोलीत नुसता ‘क्रँक सेन्सर’. हा अंगठ्याएवढा भाग पुष्कळ गाड्यांत फ्लायव्हीलपाशी, बेल हाउसिंगवर एका बोल्टाने बसवलेला असतो, तर काही इंजिनांत पुढच्या बाजूला क्रँक पुलीजवळ असतो. जुन्या कॉमन रेल (एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या) डिझेल गाड्यांत त्याचा इंडक्टिव्ह प्रकार सर्रास आढळतो. त्याच्या पोटात एक कायम चुंबक, मऊ लोखंडाचा गाभा आणि त्यावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी, एवढाच संसार असतो. समोरून दातेरी चक्र फिरले की प्रत्येक दात्यागणिक त्या गुंडाळीत विजेचा एक लहानसा हेलकावा उठतो. नेहमीच्या रचनेत चक्रावर साठ दात्यांची जागा असते, पण त्यांतले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. त्या मोकळ्या जागेवरून फेऱ्याची सुरुवात कळते. एक दाता म्हणजे ६ अंश. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेन्सरकडून सेकंदाला २,९०० हेलकावे येतात आणि त्यांच्या हिशेबावर कोणत्या इंजेक्टरने कधी डिझेल सोडायचे ते ठरते. हेलकावे थांबले की ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नसते, आणि ते डिझेल तोडते. काही इंजिने कॅम सेन्सरच्या आधाराने लंगडत चालू राहतात. बाकीची जागेवर बंद पडतात.

या सेन्सरचे आजारपण ओळखीचे आहे. गाडी थंड असताना बिनतक्रार चालते. तास-दीड तास भार ओढून इंजिन तापले की किल्ली फिरवल्यासारखी एकदम बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन फिरते, पण पेट घेत नाही, आणि पुष्कळ गाड्यांत त्या वेळी आरपीएमचा काटा शून्यावरून हलतही नाही. अर्धा-पाऊण तास थांबल्यावर हीच गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. कारण गुंडाळीतली तार आत कुठेतरी तुटलेली असते. थंडपणी तिची टोके एकमेकांना टेकलेली राहतात, आणि उष्णतेने प्लॅस्टिक व धातू प्रसरण पावले की ती दूर होतात. डिझेल फिल्टर चोक झाला किंवा लाइनने हवा धरली तर इंजिन आधी अडखळते, मिसिंग करते, पिकअप सोडते. सेन्सर तुटला तर असली कोणतीही सूचना मिळत नाही.

असा सेन्सर मालकाने घरी बदलावा का, यावर दोन ठाम बाजू आहेत. एक बाजू नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरून रात्री माळशेज घाटातून वाशीच्या मार्केटला जाणाऱ्या पिकअपच्या मालकाची. तोच चालक, तोच हमाल, हप्ताही त्याचाच. दुसरी बाजू त्याच्या नेहमीच्या मिस्त्रीची, ज्याने मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांवर हात बसवला आणि सेन्सरच्या गाड्या पुढे करता करता शिकून घेतल्या.

मालक: मिस्त्री, एक बोल्ट, एक कपलर. दहाचा पाना लागतो. एवढ्यासाठी मी गाडी दोन दिवस तुमच्या दारात का उभी करू? एक खेप बुडाली तर माल दुसऱ्याच्या गाडीत जातो, आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

मिस्त्री: बोल्ट कुणीही खोलेल, भाऊ. कोणता बोल्ट खोलायचा ते आधी कळायला हवं. तुम्ही सेन्सर बदलून घाटात निघालात आणि दोष वायरीत निघाला तर?

मालक: स्कॅनर माझ्याकडं पण आहे. मोबाइलला जोडायचा. कोड स्वच्छ आला, पी०३३५.

मिस्त्री: त्या कोडचा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. ‘सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड’ असा आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर, वायर, अर्थ आणि ईसीयूची पिन, सगळं आलं.

मालक: मग तुमच्याकडं तरी वेगळं काय होतं? स्कॅनर लावला, कोड आला, सेन्सर बदलला, बिल फाडलं. मागं माझ्याच गाडीचे दोन सेन्सर असे बदलले होते.

मिस्त्री: होतं तसं. घाई असली की माझ्याकडूनही झालंय. म्हणून तर सांगतोय.

मालकाचा हा आक्षेप खरा आहे आणि मिस्त्रीची कबुलीही खरी आहे. कोड म्हणजे निदान नव्हे. ईसीयूला अपेक्षित सिग्नल मिळाला नाही, एवढेच तो सांगतो. सिग्नल का मिळाला नाही, हे मल्टिमीटर सांगतो. तेव्हा काम अंगणात होते की गॅरेजमध्ये, यापेक्षा नवा भाग विकत घेण्याआधी जुना मोजला गेला का, हा प्रश्न मोठा ठरतो. मोजणारा मालक न मोजणाऱ्या मिस्त्रीपेक्षा केव्हाही भरवशाचा.

मोजण्याआधी थोडी तयारी लागते. स्कॅनर आणि मीटर लावण्यापूर्वी गाडी १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची, ते पाहावे. पिकअप आणि लहान टेम्पो बहुधा १२ व्होल्टवर चालतात, मोठे ट्रक २४ व्होल्टवर. मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर १२ व्होल्टच्या मोटारींसाठी बनवलेले असतात. ट्रकचे सॉकेट तसेच सोळा पिनांचे दिसले, तरी २४ व्होल्टमध्ये असा स्कॅनर जळू शकतो.

मग कपलरपाशी जावे. माशी शिंकते ती बहुतेक वेळा इथेच. बेल हाउसिंगवर रस्त्याचा चिखल उडतो, पावसाळ्यात पाणी साचते, क्रँकचे मागचे ऑइल सील गळत असेल तर सेन्सर तेलात न्हाऊन निघतो. भाजीपाला वाहणाऱ्या गाड्यांत उंदरांचाही उपद्रव असतो, आणि वायरीचे आवरण त्यांना वर्ज्य नाही. कपलर सोडून आतल्या पिना पाहाव्यात: हिरवट गंज चढला आहे का, एखादी पिन मागे सरकली आहे का, रबरी सील जागेवर आहे का. सेन्सरपासून निघालेली वायर सायलेन्सरच्या पाइपाला कुठे टेकते का, तेही हात फिरवून बघावे. येथे दोष सापडला तर नवा सेन्सर लागतच नाही.

वायर ठीक दिसली की सेन्सर मोजायचा. इंडक्टिव्ह सेन्सरला सिग्नलच्या दोन तारा असतात, पण पुष्कळदा तिसरीही दिसते. ती आवरणाची, बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणारी जाळीदार तार असते. तीन तारा दिसल्या म्हणून सेन्सर हॉल प्रकारचा, म्हणजे बाहेरून वीज लागणारा, असेलच असे नाही. ओळखायची सोपी खूण अशी: कपलर सोडून किल्ली ‘ऑन’ करावी आणि गाडीच्या बाजूच्या पिनांवर व्होल्ट मोजावेत. एका पिनेवर पक्के ५ व्होल्ट किंवा बॅटरीएवढा सप्लाय आला तर सेन्सर बहुधा हॉल प्रकारचा आहे, आणि त्याला ओमवर मोजण्यात अर्थ नाही. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते.

सेन्सर इंडक्टिव्ह निघाला तर मीटर ओमवर ठेवून सिग्नलच्या दोन पिना मोजाव्यात. बॉशच्या या जातीच्या सेन्सरचा एक सर्वपरिचित आकडा ८६० ओमचा आहे, दहा टक्के इकडेतिकडे. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, म्हणून त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा प्रमाण धरावा. शिवाय प्रत्येक सिग्नल पिन आणि सेन्सरचे धातूचे अंग यांच्यात कोणतीही जोड दिसता कामा नये.

मालक: मी मोजला होता. आठशे सत्तर आला. म्हणजे सेन्सर चांगला. मग गाडी का बंद पडते?

मिस्त्री: कधी मोजला?

मालक: सकाळी. घरी.

मिस्त्री: गार असताना. बंद पडली रात्री, तापल्यावर. सकाळी तो चांगलाच दाखवणार. माणसाचा ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय उपयोग?

घरी काम करणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत या थंड मोजणीनेच होते. सेन्सर उष्ण असताना मोजला पाहिजे. उत्तम संधी म्हणजे गाडी जिथे बंद पडली तिथेच, सुरक्षित जागी ती बाजूला घेतल्यावर, गार होण्याआधी कपलर सोडून घेतलेला आकडा. म्हणून ज्याची गाडी अशी बंद पडते त्याने केबिनमध्ये मीटर ठेवावा. ते जमले नाही तर सेन्सर काढून घरी तापवता येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, कपलरची बाजू वर ठेवून, त्याचे टोक कडक पाण्यात बुडवून ठेवावे आणि मीटर जोडलेलाच ठेवून आकडा पाहत राहावे.

या वेळी आकडा वाढतो, आणि तो वाढायलाच हवा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने चढतो, त्यामुळे २० अंशांना ८६० ओम असलेली गुंडाळी ९० अंशांना १,१०० ओमच्या आसपास जाते. नवखा माणूस हा वाढलेला आकडा पाहून चांगला सेन्सर फेकून देतो. खरा बिघाड निराळा दिसतो: आकडा संथपणे ९००, ९५०, १,००० असा चढत असतो आणि मध्येच मीटरवर ‘ओएल’ येते, म्हणजे मार्ग तुटला. पाण्याबाहेर काढून दहा मिनिटे ठेवले की आकडा परत येतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की सेन्सर दोषी आहे की नाही, यावर वाद उरत नाही.

गरम करूनही सेन्सर शाबूत निघाला तर तो जागेवर बसवलेला असताना मीटर एसी व्होल्टवर लावून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि मीटरच्या वायरी पट्ट्यापासून दूर. साधारण अर्ध्या व्होल्टपासून एक-दोन व्होल्टपर्यंत आकडा हलला तर सेन्सर हेलकावे देतो आहे. तेव्हा दोष ईसीयूपर्यंतच्या वायरीत शोधायचा किंवा डिझेलच्या बाजूला. सेल्फ मंद फिरत असेल तर आकडा कमी येतो, कारण इंडक्टिव्ह सेन्सरचा व्होल्ट वेगाबरोबर वाढतो. बॅटरी खचलेली असताना घेतलेली मोजणी ग्राह्य नाही.

इथपर्यंत मालक आणि मिस्त्री यांच्यातले अंतर कमी होते. मिस्त्री ज्याला अनुभव म्हणतो त्यातला बराच भाग या चार मोजण्यांत मावतो, आणि मालकाला त्या शिकता येतात. मात्र मिस्त्रीचा अविश्वास हवेतून आलेला नाही. १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ सारख्या गाड्यांचे इंजिन मेकॅनिकल पंपावर चालत असे आणि कानाने ऐकून, हाताने चाचपून ते दुरुस्त होत असे. ट्रकमध्ये कॉमन रेल पहिल्यांदा १९९५ साली जपानमध्ये आली. भारतात प्रदूषणाचे निकष कडक होत गेले तशी ती लहान व्यापारी वाहनांपर्यंत पोहोचली. बीएस-४ निकष १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला. म्हणजे आज ‘जुनी’ म्हणवली जाणारी पिकअप ही सेन्सरच्या गाड्यांच्या पहिल्या पिढ्यांतली आहे. तिच्या मालकाला पाना माहीत असतो, पण मीटर माहीत असतोच असे नाही. जुन्या मिस्त्रींचेही पुष्कळदा तेच.

दोष सिद्ध झाला की सुटा भाग आणायचा.

मालक: बाजारात तसलाच सेन्सर निम्म्या किमतीत मिळतो. दिसायला डिट्टो.

मिस्त्री: दिसायला. चुंबक कसला आहे ते दिसत नाही. कमजोर चुंबक असला की गाडी पळताना चालेल, पण थंडीत पहाटे सेल्फवर चालू व्हायला रडेल. वायर पण उष्णतेची घालतात की साधी, काय ठाऊक.

या मुद्द्यावर मिस्त्रीची बाजू सरळ सरस आहे. सेन्सर घेताना जुन्या सेन्सरवर कोरलेला पार्ट नंबर जुळवावा. गाडीचे मॉडेल सांगून घेतलेला सेन्सर एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत वेगळा असू शकतो. दुकानातच जुना आणि नवा शेजारी ठेवून टोकापासून कानापर्यंतची लांबी, कपलरची खाच आणि वायरीची लांबी पाहावी. सेन्सरचे टोक आणि चक्राचे दाते यांत साधारण अर्धा ते दीड मिलिमीटरचे अंतर असते आणि ते सेन्सरच्या लांबीनेच ठरलेले असते. लांबी एका मिलिमीटरने चुकली तर एक तर सिग्नल मरतो किंवा दाते टोक खरवडतात. खाली वॉशर घालून अंतर ‘जमवणे’ हा उपाय नाही. वायर कापून जुने कपलर नव्या सेन्सरला जोडण्याचा प्रकारही टाळावा. दोन सिग्नल तारांची अदलाबदल झाली तर हेलकावा उलटा पडतो, गाळलेल्या दात्यांची जागा ईसीयूला चुकीची कळते, आणि नवा सेन्सर असूनही इंजिन पेट घेत नाही किंवा खडखडते.

प्रत्यक्ष बदल हा या साऱ्यातला सर्वांत छोटा भाग आहे, पण कसोटी त्यात आहे. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गिअरमध्ये टाकावी, पुढच्या-मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. उचलायची वेळ आलीच तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. लोखंडी घोडी लावल्याशिवाय खाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन कोमट असावे. बॅटरीचा मायनस सोडावा. सेन्सरच्या भोवतालचा चिखल आधी ब्रशने आणि फडक्याने पुसून घ्यावा, नाहीतर सेन्सर बाहेर येताच तो भोकातून फ्लायव्हीलवर पडतो.

कपलरचे लॉक उचलून कपलरच धरून ओढावे, वायर धरून नव्हे. जुने प्लॅस्टिक वर्षानुवर्षे तापून ठिसूळ झालेले असते आणि लॉकची जीभ मोडली तर कपलर पुढे खड्ड्यागणिक हलत राहतो. बोल्ट सहसा दहाच्या पान्याने निघतो. बोल्ट निघाला तरी सेन्सर निघतोच असे नाही. ॲल्युमिनियमच्या बेल हाउसिंगमध्ये पांढरी बुरशीसारखी गंजाची पूड साचून तो घट्ट धरलेला असतो. इथे स्क्रूड्रायव्हर घालून कानाखालून उचकटायचा मोह आवरावा, कारण कान तुटतो आणि सेन्सरचे धड भोकात राहते. गंज सोडवणारे तेल भोवती सोडून अर्धा तास थांबावे, मग सेन्सर पक्कडीत हलका धरून डावीकडे-उजवीकडे थोडा-थोडा फिरवावा. तो फिरू लागला की वर येतो. धड तुटून आत राहिलेच तर त्यात लाकडाचा जाड स्क्रू हलक्या हाताने पिळून तो पक्कडीने सरळ वर ओढावा. हातोडीने आत ठोकू नये, तो तुकडा फ्लायव्हीलपाशी जातो आणि मग गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय निघत नाही.

बाहेर आलेल्या सेन्सरचे टोक पाहण्यासारखे असते. चुंबकामुळे त्यावर लोखंडाच्या बारीक काळ्या चुऱ्याची दाढी उगवलेली दिसते. एवढा चुरा नेहमीचा. पण त्यात चमकदार चकत्या किंवा टोकदार कण असतील, किंवा टोकावर दात्यांनी घासल्याच्या रेघा असतील, तर आत आणखी काही झिजते आहे आणि नवा सेन्सरही फार टिकणार नाही. भोक फडक्याने झाकून त्याचे तोंड पुसावे, नव्या सेन्सरच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचा बारीक हात लावावा आणि हाताने दाबून तो पूर्ण बसवावा. बोल्टाच्या जोराने सेन्सर आत खेचू नये. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला ८ ते १० न्यूटन मीटर एवढाच ताण सहसा पुरतो, म्हणजे छोट्या पान्यावर मनगटाचा जोर, दंडाचा नव्हे. वायर कंपनीने दिलेल्या क्लिपांतूनच, सायलेन्सरपासून लांब न्यावी.

मालक: बघा, झालं. अर्ध्या तासाचं काम. मग असंच रेल प्रेशर सेन्सरचं पण करता येईल की.

मिस्त्री: नाही. त्याला हात लावायचा नाही.

मालक: का? तोही बोल्टासारखा पिळलेलाच आहे.

मिस्त्री: क्रँक सेन्सर बाहेरून बघतो. रेलचा सेन्सर आतल्या दाबाला तोंड देऊन बसलेला आहे.

मिस्त्रीने आखलेली ही सीमा प्रत्येक मालकाने स्वीकारावी अशी आहे. कॉमन रेलमध्ये दाब १,६०० बार किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो, आणि नुसते इंजिन सुरू व्हायलाही सुमारे २०० बार लागतात. चालू इंजिनावर त्या बाजूचे काहीही सैल केले तर डिझेलची न दिसणारी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि फारशी दुखतही नाही, पण आतले स्नायू मरू लागतात. अशा वेळी वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते. इंजिन बंद असले तरी त्या जोडाची धातूवर धातू बसणारी सीट अचूक ताणाने आवळावी लागते आणि धुळीचा एक कण इंजेक्टरचे नुकसान करतो. अंगणात ती स्वच्छता नसते.

कूलंटच्या तापमानाचा सेन्सर या दोहोंच्या मधला. तो बिघडला तर गाडी बंद पडत नाही, पण सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते, धूर सोडते, पंखा विनाकारण फिरत राहतो, एव्हरेज घटते. त्याची मोजणी सोपी आहे. तो तापला की रोध कमी होतो. बॉशच्या नेहमीच्या प्रकारात २० अंशांना सुमारे २,५०० ओम आणि १०० अंशांना १८६ ओमच्या आसपास. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात तो तपासता येतो. धोका एकच, पण मोठा: गरम रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते आणि झाकण किंवा सेन्सर सैल होताच वाफेसह अंगावर येते. हे काम रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर सकाळीच करावे, आणि नंतर कूलंट भरून लाइनमधली हवा काढायला विसरू नये.

क्रँक सेन्सर बसवल्यावर बॅटरी जोडून किल्ली ‘ऑन’ करून काही सेकंद थांबावे, मग सेल्फ मारावा. स्कॅनर असेल तर जुना कोड पुसावा. नसेल तर ओबीडी-२ पद्धतीच्या गाड्यांत दोष पुन्हा दिसला नाही की सलग तीन ड्रायव्हिंग सायकलनंतर दिवा आपोआप विझतो आणि इंजिन चाळीसदा तापून निवल्यावर कोड स्मृतीतूनही जातो. काही गाड्यांना कंपनीच्या स्कॅनरवरून क्रँक सेन्सरची नव्याने ओळख करून द्यावी लागते. ते काम मिस्त्रीकडेच.

पहिली चाचणी मात्र घाटात नको. या आग्रहामागे मिस्त्रीचे एक कारण आहे आणि ते पैशांपलीकडचे आहे. नारायणगावहून कल्याणच्या दिशेने जाताना माळशेज हा भरल्या गाडीचा उतार आहे. तिथे डिझेल तोडले गेले आणि इंजिन फिरायचेही थांबले तर ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो, पेडल दगडासारखे होते आणि स्टेअरिंग जड होते. म्हणून डिझेल तुटताच घाबरून क्लच दाबणे ही सर्वांत वाईट चूक. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाके इंजिनाला फिरवत राहतात, त्यामुळे व्हॅक्यूम पंप आणि इंजिनावर चालणारे स्टेअरिंगचे पंप काम करत राहतात आणि इंजिनाचा रोधही मिळतो. गिअर तसाच ठेवून, ब्रेक सारखा सोड-दाब न करता एकसंध दाबून गाडी कडेला घ्यावी. पण ही वेळ येऊच नये यासाठी नवा सेन्सर आधी गावाजवळच्या सपाट रस्त्यावर, भार घालून, इंजिन पूर्ण तापेपर्यंत तास-दीड तास चालवून पाहावा.

मालक: ठीक. मोजून, सिद्ध करून बदलला तर तुमची ना नाही?

मिस्त्री: ना नाही. गरम करून मोजला, आकडे लिहून ठेवले, तर मीच सुटा भाग मागवून देतो. आकडे न आणता आलात तर मी आधी मोजणार, मग बोलणार.

मालक: आणि जुना? गार असताना चालतो. केबिनमध्ये ठेवतो, अडीनडीला.

मिस्त्री: तो ठेवू नका.

गार असताना ८७० ओम दाखवणारा जुना सेन्सर हा ‘स्पेअर’ नव्हे. वर्षभराने कुणीतरी तो डब्यातून काढून मीटर लावेल, चांगला समजून बसवेल आणि गाडी भरून घाटात जाईल. नवा सेन्सर तपासून झाला की जुन्याची वायर पक्कडीने मुळापासून कापावी आणि मगच तो भंगारात टाकावा.